नाव घातलेला गुंड

दिवाळीच्या सफाईत माळ्यावरची भांडी खाली उतरतात आणि नेमकी त्याच आठवड्यात मोडवाल्याची हाक गल्लीत ऐकू येते. त्यामुळे या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे ‘ठेवावे की मोडीत काढावे’ याच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे आजेसासूबाईंच्या वेळचे दोन गुंड, एक गंगाळ, एक कोपर, चार गंज आणि काही थाळ्या आहेत. मोडवाला सरसकट पितळेचा भाव सांगतो. मुलगा म्हणतो की, देऊन टाकू आणि त्या पैशांत स्टीलची भांडी घेऊ. मला यांतील काही पुन्हा वापरात आणावीशी वाटतात. स्वयंपाकाला ती चालतील का आणि इतकी काळी पडलेली भांडी लखलखीत कशी करावीत?
— एक गृहिणी, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : (पुण्या-मुंबईकडील वाचकांनी दचकू नये, आमच्याकडे विदर्भात गुंड म्हणजे पाणी भरण्याचे भांडे, गंज म्हणजे पातेले आणि कोपर म्हणजे परात.) सरसकट भाव ऐकताच सावध व्हावे, कारण आपल्या थाळ्यांत एखाददुसरी काशाची असण्याची बरीच शक्यता आहे आणि काशाची मोड पितळेपेक्षा महाग जाते. थाळी तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरावी आणि काठावर लाकडी चमचा हलकेच मारावा. नाद देवळातल्या घंटेसारखा लांबत गेला तर ती काशाची, लगेच विझला तर पितळेची. कासे म्हणजे ढोबळमानाने ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील, तर पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कथिलाच्या या प्रमाणामुळे काशाला नाद येतो आणि त्यामुळेच ते ठिसूळही असते. पितळेचे भांडे पडले तर पोचा येतो, काशाचे पडले तर तडकते. म्हणून काशाची थाळी जेवायला खुशाल घ्यावी, पण विस्तवावर चढवू नये.

गंज स्वयंपाकाला चालतील, मात्र आतून कल्हई केल्यावरच. अंबाडीची भाजी, कढी, चिंचेचे सार असे आंबट पदार्थ उघड्या पितळेत कळकतात आणि ते पोटात जाणे बरे नव्हे. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उठताच कथिलाची कांडी आतून टेकवतो आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने फिरवतो, हे आपण लहानपणी पाहिलेच असेल. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळते, त्यामुळे कल्हईचे भांडे रिकामे असताना गॅसवर तापत ठेवले तर कल्हई जागेवरच गोळा होते. काही ठिकाणी स्वस्तात उरकण्यासाठी कथिलात शिसे मिसळले जाते आणि ते विषारी असते. कांडी कानाशी धरून वाकवावी. शुद्ध कथील वाकताना बारीक करकर ऐकू येते, शिसे मुकाट्याने वाकते. कल्हईवाला रागावला तरी एवढी परीक्षा जरूर करावी. गावात कल्हईवाला उरला नसेल तर तालुक्याच्या बाजारात कासाराकडे चौकशी करावी. पूर्व विदर्भातील वाचकांना भंडारा जवळ आहे आणि पितळी भांड्यांसाठी ते शहर आधीपासूनच प्रसिद्ध आहे.

आता लखलखीत करण्याविषयी. येथे माझे मत थोडे कडवट आहे, कारण चूक मी स्वतः केली आहे. माझ्या आत्याने दिलेला एक गुंड मी हौसेने बफिंगला, म्हणजे यंत्राने घासून चकाकी आणायला, दिला. तो सोन्यासारखा चमकत परत आला. पण त्याच्या गळ्याखाली बारीक ठिपक्यांनी कोरलेली ओळ, म्हणजे आत्याच्या माहेरचे नाव, गाव आणि लग्नाचे साल, साफ पुसली गेली होती. आंदणाच्या भांड्यांवर असे नाव घालण्याची आपल्याकडे रीतच होती. तेव्हा आपण प्रथम प्रत्येक भांड्याचा काठ, गळा आणि बूड कडेने पडणाऱ्या उजेडात तपासावे. नाव दिसले तर त्यावर थोडी कोरडी कणीक चोळून पुसावी, म्हणजे ठिपके पांढरे होऊन वाचता येतात. ते वाचून वहीत उतरवून घ्यावे. मग चिंचेचा कोळ आणि मीठ एवढ्यानेच भांडी घासावीत, लगेच भरपूर पाण्याने धुवावीत आणि कोरडी पुसावीत. बाजारातील आम्लाने पितळेतील जस्त आधी निघते आणि भांड्यावर तांबूस डाग उमटतात, जे पुढे कशानेच जात नाहीत. भांडे बाहेरून काळपट राहिले तर राहू द्यावे. हिरवा कळंक मात्र आतबाहेर कोठेही ठेवू नये.

गंगाळाला बुडाशी भोके पाडून त्यात झाड लावण्याची नवी टूम निघाली आहे. ती मला अजिबात पसंत नाही. झाड हवेच असेल तर कुंडी आत ठेवावी, म्हणजे उद्या कोणाला त्याच गंगाळात नातवाला न्हाऊ घालावेसे वाटले तर ते शक्य होईल.

प्रश्न : आमचा जुना वाडा पाडला. सागवानी खांब, दाराची चौकट आणि बंगईची (झोपाळ्याची) सहा फुटी फळी शिल्लक आहे. सर्वांवर ऑइलपेंटचे तीन-चार थर आहेत आणि चौकटीतून पीठ गळते. सुतार म्हणतो की, सगळ्यावर मशीन मारून जेवणाचे टेबल करू.
— एक शेतकरी, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : मशीन मारण्याआधी थांबावे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याचा संभव मोठा असतो. कोरडे घासले की त्याची धूळ घरभर होते आणि लहान मुलांना तिचा अपाय सर्वांत जास्त होतो. रंग पाण्याने ओला ठेवून पात्याने खरवडावा, काम अंगणाच्या कडेला करावे, नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा आणि निघालेले पोपडे शेणखताच्या उकिरड्यावर न टाकता पिशवीत बांधून वेगळे ठेवावेत.

पिठाविषयी घाबरून जाण्याचे कारण नाही. सागाचा गाभा किडीला सहसा दाद देत नाही. भुंगेरे खातात ते कडेचे पांढरे लाकूड. चौकटीखाली काळा कागद अंथरून महिनाभर पाहावे. नवे, फिकट पीठ पडले तर कीड जिवंत आहे असे समजून तेवढा पांढरा भाग तासून काढावा व उरलेल्यावर कीडनाशक मारावे. कागद स्वच्छ राहिला तर ती भोके जुन्या लढाईच्या खुणा आहेत आणि त्या तशाच शोभतात. उधई (वाळवी) लागली असेल तर मात्र मातीच्या नळ्या दिसतील आणि तिचा बंदोबस्त जमिनीपासून करावा लागेल.

पॉलिशसाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्या भागात पिकणाऱ्या जवसाचे तेल हेच लाकडाचे जुने पॉलिश आहे, कारण ते हवेत वाळून घट्ट होते. कच्चे तेल वाळायला फार दिवस लागतात, म्हणून रंगाच्या दुकानातून उकळलेले जवस तेल, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात, ते घ्यावे. पातळ हात फिरवावा, अर्ध्या तासाने जास्तीचे पुसून काढावे आणि दुसरा हात दुसऱ्या दिवशी द्यावा. एक इशारा काळजीपूर्वक वाचावा. या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकले तर वाळताना ते स्वतःच तापतात आणि कोणी काडी न लावता पेट घेतात. आमच्या विदर्भाच्या उन्हाळ्यात तर ही गंमत नव्हे. बोळे पाण्यात बुडवून ठेवावेत किंवा उघड्यावर पसरून वाळवावेत.

बंगईच्या फळीचे टेबल करू नये, अशी माझी विनंती आहे. नव्या घराच्या स्लॅबमध्ये सळईला अडकवलेले भक्कम हुक असतील तर ती बंगई म्हणूनच टांगावी, कड्या मात्र झिजल्या असल्यास नव्या घ्याव्यात. हुक नसतील तर तिला चार पाय लावून ओसरीत बाक करावा. टेबल खांबांतून होईल. लाकूड दुसऱ्या गावी न्यायचे असेल तर वाहतूक परवान्याविषयी वन परिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

प्रश्न : गावात आलेल्या दोघांनी आमचा जुना तांब्याचा गडवा पाहून सांगितले की, त्यावर वीज पडलेली आहे, त्यात इरिडियम आहे, तो तांदूळ ओढतो आणि परदेशी कंपनी कोट्यवधी रुपये देईल. तपासणीसाठी आधी चाळीस हजार मागतात.
— एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : एक रुपयाही देऊ नये. कोणताही धातू तांदूळ ओढत नाही. इरिडियम हा प्लॅटिनमच्या गटातील जड धातू आहे. तो वीज पडून तयार होत नाही आणि त्याला धान्याचे आकर्षणही नाही. प्रयोग करून दाखवतात तेव्हा तांदळाला लोखंडाचा कीस चिकटवलेला असतो आणि भांड्यात चुंबक दडवलेले असते. आपल्या घरातील कोठीतले तांदूळ स्वतःच्या हाताने आणून समोर ठेवा, पाहुणे काढता पाय घेतील. पैसे ऑनलाइन दिले गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि पोलीस ठाण्यातही द्यावी.

याच जातीची दुसरी थाप नाण्यांची आहे. राम, सीता, हनुमान यांची चित्रे आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेली नाणी कंपनीने चलनासाठी कधीच पाडली नाहीत. जुन्या नोटा-नाणी लाखोंना विकून देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांविषयी त्या बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. घरात राणीछाप रुपया असेल तर तो खरोखरच मोलाचा आहे, पण हिशेबात बसणाऱ्या मोलाचा. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात १२ पैकी ११ भाग चांदी.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो. पणजीची समई त्याला न्यायची आहे. कायद्याची अडचण येईल का?
— एक निवृत्त शिक्षिका, अकोला जिल्हा

उत्तर : येऊ शकते. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते, शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितासाठी ही मर्यादा ७५ वर्षे आहे, आणि असे पुरावशेष व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. समई तितकी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असे प्रमाणपत्र घेऊन ती पाठवावी. घरात ठेवण्यास आणि रोज लावण्यास काहीच हरकत नाही. शेतात नांगरताना काही सापडले तर गोष्ट वेगळी. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

प्रश्न : शाळेच्या एका खोलीत गावातील जुन्या वस्तूंचा संग्रह करायचा आहे. तिफन (पेरणीची पाभर), मोट, जाते, पायली, कंदील असे बरेच काही मिळते आहे. सुरुवात कशी करावी?
— एक शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले नसेल तर मुलांना घेऊन जरूर पाहावे. दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, दारे अशा घरगुती वस्तू गावोगाव हिंडून जमवल्या आणि पुढे तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आपली एक खोली आहे, तेव्हा दहा कंदील जमवण्यापेक्षा एक कंदील घ्यावा आणि त्याची नोंद पुरी करावी: वस्तू कोणाकडून आली, घरात तिला काय म्हणत, ती शेवटची कधी वापरली आणि का सोडली. आमच्या भागातील शब्द पुस्तकी शब्दाने बदलू नये. सरोता (अडकित्ता) आला तर वहीत सरोताच लिहावा.

पायली आली की ती ज्वारीने काठोकाठ भरून, हाताने सपाट करून वजन करावे आणि आकडा लिहावा, कारण जुने माप गावागणिक बदलत असे आणि १९५६ च्या कायद्यानंतर किलो-लिटर आल्यावर तो फरक नोंदवायला कोणी उरले नाही. मोटेचे चामडे कडक झाले असेल तर ते वाकवू नये, तुटेल. तिफनीचे चाडे (बी सोडण्याची वाटी) बहुधा हरवलेले असते, ते मागून घ्यावे. ते नसले तर तिफन नुसती लाकडांची मोळी दिसते. आणि ती भिंतीला टेकवून ठेवण्याआधी पेरणी केलेल्या एखाद्या आजीबाईंना शाळेत बोलवावे, त्यांच्या समोर चाडे धरावे, ओंजळभर ज्वारी द्यावी आणि बोटांतून मूठ कशी सोडत ते मोबाइलवर टिपून घ्यावे. चालणे महत्त्वाचे आहे, म्हणून त्यांना बसून दाखवायला सांगू नये.