रोजचा रस्ता आणि कोरा कागद

“मॅडम, मला कसलंही दुःख नाहीये. घर आहे, नोकरी आहे, मुलगा मार्गी लागलाय. तरी सगळं तेच तेच वाटतं. सोमवार काय नि गुरुवार काय! माझ्यात काही बिघडलंय का?”

पन्नाशीच्या आसपासची पुष्कळ माणसं हा प्रश्न घेऊन येतात, आणि विचारताना थोडी ओशाळतात. सुनंदाताई (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) दादरच्या हिंदू कॉलनीत राहतात. २१ वर्षं त्याच रस्त्याने स्टेशन गाठतात. दिवाळीनंतर ९ दिवस हिमाचलला जाऊन आल्या. तिथे पहाटे उठून डोंगर बघायच्या. घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

अशा वेळी मी आधी नैराश्य आहे का ते बघते. झोप, भूक, थकवा, आवडीच्या गोष्टीतला रस, जगणं नकोसं वाटणं याबद्दल विचारते. यातलं बरंच काही दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. (रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.) थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यायलाही सांगितलं. रिपोर्ट ठीक आले. झोप लागत होती, नाटक बघून त्या पोटभर हसत होत्या.

मग माझी एक चूक झाली. “येताजाता आजूबाजूला नीट बघत जा,” एवढंच सांगून मी त्यांना पाठवलं. पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, “बघितलं. काही दिसलं नाही.” त्यांचं बरोबर होतं. नुसतं ‘नीट बघा’ म्हटल्याने नेमकं काय शोधायचं ते डोळ्यांना कळत नाही.

तेव्हा मी कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. गेटपासून स्टेशनपर्यंतचा रस्ता आठवेल तसा काढा म्हटलं. दहा मिनिटांनी कागदावर होतं ते असं: वळणावरचा खड्डा, कचऱ्याचा डबा, फुटपाथवर चढवलेल्या बाइक आणि गेटपाशी ‘पिवळा कचरा’. हा कचरा उन्हाळ्यात गाडीवर पडतो, म्हणून लक्षात राहिलेला. तो ज्या झाडावरून पडतो ते झाड कागदावर नव्हतं. मधली सगळी जागा कोरी. कागदाकडे बघत त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं मी फक्त कटकटीच बघत आले का हो?”

मला त्यांना मनापासून सांगायचं होतं की हा स्वभावाचा दोष नाही. पंखा बंद झाला की मगच त्याचा आवाज होता हे आपल्याला कळतं. जे बदलत नाही आणि ज्याने धोका नाही, त्यावर मेंदू लक्ष खर्च करत नाही. खड्ड्यात पाय मुरगळू शकतो, म्हणून खड्डा तेवढा लक्षात राहतो. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या इमारतीत ५४ जणांना विचारलं होतं, तुमच्या खोलीजवळचं आग विझवायचं नळकांडं कुठे आहे? रोज त्यावरून जाणाऱ्या या माणसांपैकी फक्त १३ जणांना सांगता आलं. पण शोधा म्हटल्यावर ते लोकांना चटकन सापडलं. हा अभ्यास २०१२ साली छापून आला. नेमका प्रश्न मिळाला की डोळे कामाला लागतात, हे मी त्यातून उचललं.

म्हणून ठरलं, रोज पंधरा मिनिटं आणि एकच प्रश्न. एक दिवस फक्त पहिल्या मजल्याच्या वर बघायचं. एक दिवस फक्त आवाज. एक दिवस रस्त्यावर काम करणाऱ्या माणसांचे हात. फोन पर्समध्ये ठेवायचा आणि फोटो काढायचा नाही, कारण फोटो निघाला की बघणं संपतं, असा माझा अनुभव आहे.

आवाजाच्या दिवशी त्यांना ‘टुक् टुक् टुक्’ ऐकू आलं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. कुठल्यातरी गच्चीवरचा पंप असेल, असं त्या वर्षानुवर्षं धरून चालल्या होत्या. आता आवाजाच्या मागे गेल्या, तर वाळक्या फांदीवर मुठीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल ठिपका. तांबट! मुंबईचा शहरपक्षी म्हणून निवडलेला. पिवळा कचरा सोनमोहराचा निघाला. त्याच्या तांबूस मखमली कळ्या त्यांनी मला रुमालात बांधून आणून दाखवल्या. वर बघायच्या दिवशी त्यांना गोलाई दिलेल्या बाल्कन्या आणि उगवत्या सूर्याच्या नक्षीच्या जाळ्या दिसल्या. रस्ता एवढा ऐसपैस कसा, म्हणून शेजारच्या आजोबांना विचारलं, तेव्हा १८९६ च्या प्लेगची गोष्ट निघाली. त्यानंतर मोकळ्या हवेसाठी ही वस्ती आखली गेली, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

सहाव्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा हसत नव्हत्या.

“मॅडम, हातांचा प्रश्न मी घरीही वापरला. सासूबाई चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. उजवा हात थरथरतो. आम्ही रोज समोरासमोर बसून चहा पितो हो.”

त्यांना काही वेळ बोलता आलं नाही. मीही घाई केली नाही. नव्याने बघायला लागलं की फुलं आणि पक्षी दिसतात तसं हेही दिसतं, आणि ते सोसायला सोबत लागते. मग आम्ही दोघींनी मिळून डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी लिहून काढल्या: कोणता हात, कप धरतानाच थरथरतो की हात मांडीवर असतानाही, चालताना पाय घासतात का.

दवाखान्यातून त्यांचा फोन आला. तपासण्या लिहून दिल्या होत्या, काळजी होती, पण आवाज स्थिर होता. डॉक्टरांनी विचारलं होतं, हे कधीपासून होतंय?

“मी खरं तेच सांगितलं,” त्या म्हणाल्या. “होतंय कधीपासून ते ठाऊक नाही. मला दिसलं गेल्या मंगळवारी.”