मोठी संख्या उकलायला, म्हणजे तिचे मूळ अवयव पाडायला घेतोयस? सुरुवात पिनकोडपासून कर

एकदम वीस अंकी संख्येला हात घालू नकोस. आपल्या छत्रपती संभाजीनगरचा पिनकोड घे: ४३१००१. शेवटी १ आहे म्हणून ही मूळ संख्या (१ आणि स्वतःखेरीज कशानंच पूर्ण भाग न जाणारी) वाटते, आणि नवीन मुलं इथंच फसतात. शेवटच्या अंकावरून फक्त २ आणि ५ चा निकाल लागतो.

अंकांची बेरीज कर. ९ येते, म्हणजे ९ नं भाग जातो. भागाकार ४७८८९. बहुतेक जण इथं थांबतात, तू थांबू नकोस. याच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे पुन्हा ९ नं भाग जातो आणि उरतात ५३२१. आता ७, ११, १३ चालत नाहीत, १७ चालतो: १७ × ३१३. ३१३ मूळच आहे. त्याचं वर्गमूळ १८ च्या आत, म्हणून १७ च्या पुढं तपासायची गरजच नाही. वर्गमूळाची ही मर्यादा पक्की धर, निम्मी मेहनत वाचते.

म्हणजे ४३१००१ = ३ × ३ × ३ × ३ × १७ × ३१३. ३ हा अवयव चार वेळा येतो, बाकीचे एकेकदा. प्रत्येक मोजणीत एक मिळवून गुणाकार कर: ५ × २ × २ = २० विभाजक, म्हणजे हिला पूर्ण भाग जाणाऱ्या २० संख्या. किती सुंदर आहे हे! मूळ अवयव आणि विभाजक यांची गल्लत मात्र करू नकोस.

विभाजकांची बेरीज, दोन वर्गांची बेरीज वगैरे नंतर बघू. आधी लातूरचा ४१३५१२ हातानं सोडव, कॅल्क्युलेटर फक्त पडताळणीला. ३२ विभाजक यायला हवेत.