‘रोज कोणत्या गोळ्या घेता?’

प्रश्न: ताई, मी जिममध्ये पर्सनल ट्रेनर आहे. हल्ली ५८ वर्षांचे एक काका येतात. त्यांना मधुमेह आहे, बीपीची गोळीही चालू आहे. २२० मधून वय वजा करून हृदयाच्या ठोक्यांची अंदाजे कमाल काढली आणि तिचे ७० टक्के धरले तर ठोके ११३ पर्यंत जायला हवेत, पण ते १०० च्या पुढे सरकत नाहीत. वेग वाढवला की काका धापा टाकतात. अशांना नकार द्यावा का? की यासाठी वेगळं काही शिकायला हवं?

उत्तर: आधी ट्रेडमिलचा वेग कमी करा. त्यांची बीपीची गोळी बहुधा बीटा-ब्लॉकर गटातली असावी. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशी नावं चिठ्ठीवर दिसतात का, ते पाहा. ही औषधं ठोके फारसे वाढू देत नाहीत. त्यामुळे मशीन १०० दाखवत असलं, तरी काका त्यांच्या ताकदीच्या टोकाला पोचलेले असू शकतात. अशा वेळी ते सूत्र बाजूला ठेवा आणि त्यांना बोलतं ठेवा. पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत श्रम पुरे. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची श्रमपट्टी शिकून घ्या; किती श्रम वाटतात ते माणूस स्वतःच तिच्यावर आकड्यात सांगतो, ६ म्हणजे काहीच नाही, २० म्हणजे अगदी टोक. तिच्यावर १२-१३ च्या आसपास राहा.

नकार मुळीच देऊ नका. व्यायामाची गरज याच लोकांना सगळ्यात जास्त असते, आणि दारातून परत पाठवलेला माणूस सहसा पुन्हा येत नाही. शिकायला मात्र हवं, आणि माझ्या मते सुरुवात आजारांच्या यादीने करू नये. ‘काही त्रास आहे का?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. गोळीने बीपी आटोक्यात आहे म्हणजे बीपी नाहीच, असं त्यांना मनापासून वाटतं. म्हणून ‘रोज कोणत्या गोळ्या घेता?’ असं विचारा, आणि त्या गोळीने व्यायामात काय बदलतं ते शिका.

तुमच्या काकांचंच पाहा. मधुमेहासाठी नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली जाण्याची भीती कमी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड असेल तर ती भीती खरी आहे. साखर उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो. बीटा-ब्लॉकरमुळे थरथर आणि धडधड झाकली जाते. उरतो घाम, आणि जिममध्ये घामाकडे कोण पाहणार? माणूस विसंगत बोलायला लागतो, मोजणी चुकवतो, उगाच चिडतो, तेव्हा कुठे लक्षात येतं. म्हणून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर असलेल्यांची साखर व्यायामाआधी मोजायलाच हवी. ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खाऊन मगच सुरुवात. कित्येकदा साखर काही तासांनी, रात्री झोपेतही उतरते, हे त्यांना घरी जाताना सांगा.

डोळ्यांचंही विचारा. मधुमेहामुळे पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील, तर श्वास रोखून वजन उचलताना त्या फुटू शकतात. हाडं ठिसूळ असलेल्यांना कंबरेतून वाकवणाऱ्या सिट-अप्स नकोत. मात्र बेताच्या वजनाचा व्यायाम त्यांच्या फायद्याचाच आहे. निम्मे ट्रेनर इथे घाबरून सगळंच बंद करतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

कोर्स निवडताना प्रमाणपत्राच्या कागदावर जाऊ नका. खरे रुग्ण समोर असताना कुणाच्या देखरेखीखाली काम करायला मिळेल का? बाहुलीवर सीपीआर (हृदय थांबल्यास छाती दाबणं) आणि एईडीचा (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचा) सराव करून घेतात का? डॉक्टरांना पत्र लिहायला शिकवतात का? या तिन्हींना ‘नाही’ उत्तर आलं तर पैसे भरू नका.

पत्र एक पानाचंच असावं: मी आठवड्यातून इतके दिवस, इतकी मिनिटं, अमुक व्यायाम घेणार आहे, कशावर बंधन आहे? औषधांत बदल होणार आहे का? ‘व्यायामाला हरकत नाही’ एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नका. आणि गोळी कमी करा, बंद करा, असा सल्ला तुम्ही कधीही द्यायचा नाही. काकांनी आग्रह केला तरीही.

काकांची धाप आधीपासून आहे की नव्याने वाढली, ते आजच विचारा. नव्याने वाढली असेल तर तपासणी होईपर्यंत व्यायाम थांबवा. नसेल तर पत्राचं उत्तर येईपर्यंत सपाटीवर, गप्पा मारत चालवा.