मेजर, तुमच्या सहीखालच्या दोन ओळी वाचल्यात का?

प्रश्न : मी निवृत्त हवालदार, राहणार अपशिंगे मिलिटरी, जि. सातारा. धाकट्या भावाचं समरी कोर्ट मार्शल होऊन तो बडतर्फ झाला. स्टोअरच्या व्हाउचरवरची सही माझी नाही, असं तो शेवटपर्यंत सांगत होता. पण अक्षर तपासणारा कुणी आणलाच नाही. मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ६४ टक्के. तिने एलएलबी करून जॅगमध्ये, म्हणजे लष्कराच्या कायदा विभागात, जावं आणि अशा जवानांची बाजू लढवावी. ती मात्र लॅबचंच घेऊन बसलीय. तिला समजवा.

(खाली वेगळ्या अक्षरात : मला हस्ताक्षर तपासणी शिकायची आहे. काकांमुळेच.)

उत्तर : मेजर, समजवायचं कुणाला? पाकीट चिकटवायच्या आधी त्या दोन ओळी तुम्ही पाहिल्या नसाव्यात. पोरगी तुमच्याच दुखण्यावर औषध शोधतेय, आणि तुम्ही तिला भावाची केस लढायला भरती करताय. भावाचा निकाल फिरवणं हे तिचं करिअर नव्हे. हे मला मार्कांपेक्षा जास्त खटकलं.

आता जॅगचं. जॅग म्हणजे जवानाचा वकील, असं आपल्याकडे भले भले माजी सैनिकही धरून चालतात. जनरल कोर्ट मार्शलमधला जज अ‍ॅडव्होकेट, म्हणजे जॅगचा अधिकारी, कोर्टाला कायदा सांगतो. तो ना फिर्यादीचा, ना आरोपीचा. आरोपीसाठी डिफेंडिंग ऑफिसर असतो, जनरल आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये बाहेरचा वकीलही चालतो. समरीत कमांडिंग ऑफिसर हाच कोर्ट. आरोपीच्या शेजारी ‘फ्रेंड’ बसतो, सल्ला देतो, साक्षीदाराला प्रश्न विचारू शकत नाही. तिथे जॅगवाल्या मुलीला खुर्ची कुठली? तरी तिला स्वतःला जायचं असेल, तर वाट ठरलेली आहे : एलएलबीला ५५ टक्के, वय २१ ते २७, एसएसबी (लष्कराच्या निवड मंडळाची मुलाखत), मग चेन्नईचं ट्रेनिंग.

भावाच्या केसमध्ये कमी पडला तो तज्ज्ञ. कोर्ट मार्शललाही पुराव्याचा कायदा लागू आहे, म्हणून अक्षरतज्ज्ञाचं मत तिथेही चालतं. पण ते मागावं लागतं, तेही नेमकं : कुठली सही, कशाशी ताडायची, त्यातून काय ठरेल. अमेरिकेत लष्करी खटल्यात सरकारी खर्चाने तज्ज्ञ हवा असेल, तर १९९४ च्या गोन्झालेझ खटल्यापासून बचावाला तीन उत्तरं द्यावी लागतात : तज्ज्ञ का हवा, तो काय साधेल, आणि वकिलाला स्वतःला ते का जमत नाही. ती कसोटी तिकडची; पण अर्ज लिहिताना हे तीन प्रश्न समोर ठेवायला कुणाची हरकत आहे?

बेटा, आता तुझ्याशी. शाई आणि कागद म्हणजे निम्मी केमिस्ट्रीच, तेव्हा तुझी पदवी वाया जात नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक सायन्स) संस्था आणि गांधीनगरचं राष्ट्रीय फॉरेन्सिक सायन्स विद्यापीठ, यांचे प्रवेश बघ. मात्र एक ध्यानात ठेव. तज्ज्ञ कुणाच्या बाजूचा नसतो. सही आरोपीचीच निघाली, तर तसंच लिहावं लागतं, मग तो काका का असेना. हे वडिलांनाही वाचून दाखव.

आणि मेजर, बडतर्फीची शिक्षा असेल, तर समरीविरुद्धही सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येतं. मुंबईत खंडपीठ आहे. मुलीच्या डिग्रीची वाट बघू नका. कार्यवाहीची प्रत मागवा, भावाला घेऊन तिथला वकील गाठा, आणि इतका उशीर का झाला ते लेखी मांडायची तयारी ठेवा.