ताईला नाव सांगू नकोस, तुलनेसाठी कंट्रोल लावायला सांग

प्रिय मित्रा,

आधी एक काम कर, मग पुढचं वाच. त्या रविवारी रात्री लॅबमध्ये इन्क्युबेटरपाशी (पेशी उबेत वाढवायचं कपाट) तुला जे दिसलं ते आत्ताच कागदावर उतरव. तारीख, वेळ, इन्क्युबेटरचा कोणता कप्पा, तू कुठे उभा होतास. दिसलं तेवढंच लिही. ‘तो घाबरल्यासारखा वाटला’ हे तुझं मत झालं, ते त्यात नको. खाली सही कर आणि कागद घरी ठेव.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळते. ताईने लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी दोन महिने मरतायत, ती स्वतःच्याच हाताला दोष देते आहे, आणि ज्याच्यावर तुझा संशय आहे तो रोज तिच्यासोबत डबा खातो. तिला त्याचं नाव सांगू का, असं तू विचारतोस. आज तरी सांगू नकोस. इन्क्युबेटर सगळ्यांचा असतो, रात्री त्याचं दार उघडायला कितीतरी साधी कारणं असू शकतात. चुकीच्या माणसावर असा शिक्का बसला तर तो आयुष्यभर पुसला जात नाही. आणि तुझा अंदाज खरा असला, तरी एकदा नाव कानावर पडलं की ताईचं सगळं लक्ष त्या माणसावर जाईल, बाटलीवर आणि प्लेटवर राहणार नाही. उद्या चौकशी बसली तर तिच्या हाती काय असेल? तू सांगितलेली एक ऐकीव गोष्ट. हेच तिने स्वतःच्या प्रयोगातून शोधून काढलं, तर ते खोडून काढणं कोणालाही जड जाईल.

मिशिगन विद्यापीठातलं प्रकरण तू कदाचित ऐकलं असशील. अ‍ॅन आर्बरच्या कर्करोग संशोधन केंद्रातल्या एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचे वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं ओळखायची चाचणी) 2009च्या अखेरीस बिघडायला लागले. चाचणीच्या पट्ट्यांतले (लेन) नमुने अदलाबदल झालेले, पेशी वाढवायच्या प्लेटची झाकणं एकमेकांच्या जागी गेलेली. मग तिने झाकणाबरोबर प्लेटच्या बुडालाही लेबल लावायला सुरुवात केली. पुढे फेब्रुवारीत तिच्या मीडियाला (पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्याला) अल्कोहोलचा वास आला. प्रकरण विद्यापीठाच्या पोलिसांकडे गेलं तेव्हा त्यांनी उलटतपासणी केली ती तिचीच, पॉलिग्राफसुद्धा (खोटं पकडायची चाचणी) झाला. आपलं अपयश झाकायला ही कांगावा करते आहे का, हे त्यांना आधी पाहायचं होतं. ती त्यातून बाहेर पडल्यावर कॅमेरे लागले आणि एप्रिल 2010मध्ये तिच्याच लॅबमधला एक पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) इथेनॉलचा, म्हणजे अल्कोहोलचा, स्प्रे घेऊन तिच्या मीडियापाशी दिसला. त्याने कबुली दिली. तिचं काम मागे पडावं असं त्याला वाटत होतं. ‘नेचर’ने त्याच वर्षी हे सगळं सविस्तर छापलं.

त्या पॉलिग्राफचा विचार कर. तक्रार करणाऱ्याकडेच संशयाने पाहिलं जातं, हे मनात धरूनच तुला ताईला तयार करायचं आहे. तिच्याकडे तारीखवार नोंदी हव्यात, त्याही तिच्या अक्षरात, आणि संशय कोणाचा हे ठरायच्या आधीच्या.

सुरुवात माइक्रोस्कोपपासून कर. पुढच्या वेळी प्लेट गेली की ‘ताई, टाकू नकोस, मला एकदा बघू दे’ म्हण आणि तिच्या शेजारी बस. बॅक्टेरियाने प्लेट गेली असेल तर मीडिया गढूळ होतो, आम्ल वाढून फिनॉल रेड हा मीडियातला लाल रंग पिवळा पडतो आणि लेन्सखाली बारीक वळवळ दिसते. यीस्ट असेल तर मण्यांच्या माळेसारखे पुंजके दिसतात. पण मीडिया स्वच्छ आहे, लालसर गुलाबी रंग तसाच आहे आणि तरीही पेशी गोल होऊन, तळ सोडून तरंगत आहेत, असं असेल तर तिथे बॅक्टेरिया किंवा यीस्ट वाढल्याची खूण नाही. बहुधा काहीतरी त्यात पडलं आहे, किंवा मुळात मीडियाच चुकीचा बनला आहे. तिला एवढंच विचार, ‘हे कंटॅमिनेशन, जंतूंची लागण, असतं तर मीडिया इतका स्वच्छ कसा राहिला?’ आणि गप्प बस. ती हुशार आहे, तिला तेवढं पुरे. तिने बाटलीचा वास घेऊन बघायचं ठरवलं तर थोडा मीडिया ट्यूबमध्ये काढून घ्यायला सांग, बाटलीला नाक लावू नये. हूडमध्ये (निर्जंतुक कामाच्या कपाटात) आपण दिवसभर सत्तर टक्के अल्कोहोल फवारतो, त्यामुळे नुसत्या वासावरून निष्कर्षही काढू नका.

यापुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. येल विद्यापीठात 2011च्या सुमारास एका पोस्टडॉकचे झेब्राफिश (प्रयोगासाठी पाळतात ते छोटे मासे) पुन्हापुन्हा मरत होते. तिने माशांचे दोन सारखे गट केले. एका गटावर आपली आद्याक्षरं लिहिली, दुसऱ्यावर नाही. आद्याक्षरं असलेले मासे मेले, बाकीचे जगले. मग छुपा कॅमेरा लागला आणि त्यात एक सहकारी सापडला. काय सुंदर कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला सारखा गट) आहे बघ! यात कोणावर आरोप नाही, कोणावर पाळत नाही. प्रश्न एकच विचारलेला आहे: पेशी किंवा मासा कशाने मरतो, जीवशास्त्राने की नावाने?

ताईने हेच करावं. एकाच फ्लास्कमधल्या पेशी, एकाच दिवशी, दोन सेटमध्ये लावायच्या. मीडियाची एकच बाटली दोन बाटल्यांत भागून घ्यायची. एकीवर तिचं नाव, दुसरीवर नुसता क्रमांक. प्लेटचंही तसंच. कोणत्या सेटला नाव द्यायचं ते नाणं उडवून ठरवायचं, म्हणजे नकळत चांगल्या दिसणाऱ्या प्लेट एका बाजूला जाणार नाहीत. क्रमांकाचा अर्थ फक्त तिच्या वहीत. दोन्ही सेट मेले तर दोष पाण्यात, मीडियात घालतो त्या सीरममध्ये किंवा इन्क्युबेटरमध्ये शोधावा लागेल, आणि तुझा संशय तुला त्या दिवशी सोडून द्यावा लागेल. नावाचाच सेट मेला तर पुन्हा लावा. एकदा झालं तर योगायोग म्हणता येतो. परत परत तेच झालं तर त्यामागे माणसाचा हात आहे.

आणि हे नीट ऐक: त्या प्लेटना तू हात लावायचा नाहीस. मीडिया बनवून देऊ नकोस, इन्क्युबेटरमध्ये ठेवायला मदत करू नकोस, क्रमांकही विचारू नकोस. तुला वाटेल की मी तर तिच्याच बाजूचा आहे. पण चौकशी करणाऱ्याला बाजू दिसत नाही, कोण कोण त्या प्लेटजवळ होतं एवढंच दिसतं. तू मधे आलास तर तुझ्यावरही बोट येईल आणि तिचा पुरावाही कच्चा पडेल.

तुझ्या पत्रात एक ओळ होती: हे तिला खेळवणं तर नाही ना? हा प्रश्न तुला पडला याचा मला फार आनंद झाला. तू तिला खोटं काही दाखवत नाहीस, खोटं बोलत नाहीस, सापळाही तिच्या नकळत लावत नाहीस, तोवर मला यात काही गैर वाटत नाही. पण तिने सरळ विचारलं, ‘तू काही पाहिलंस का?’ तर त्या क्षणी तो कागद तिच्यासमोर ठेव आणि सगळं सांग. तिच्या प्रश्नाला बगल द्यायचा तुला अधिकार नाही.

जिवाला धोका असला तर यातलं काहीही लागू नाही. कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात 2018 साली एका रसायनशास्त्रज्ञाने सहकाऱ्याच्या खाण्यापिण्यात नायट्रोसोडायमिथाइलअमाइन हे विषारी रसायन मिसळलं होतं. चव बिघडलेली लागली म्हणून त्या सहकाऱ्याने फोनचा कॅमेरा लावून ठेवला आणि ते उघडकीला आलं. विष घालणाऱ्याला सात वर्षांची शिक्षा झाली. ताईच्या डब्यात, पाण्याच्या बाटलीत, हातमोज्यांच्या खोक्यात काही वेगळं आहे अशी नुसती शंका जरी आली, तरी त्याच मिनिटाला तिला सांग, गाइडना सांग, सुरक्षा विभागाला आणि पोलिसांना सांग. तिथे कंट्रोल लावत बसायचं नाही.

नोंदी जमल्या की ताईने गाइडकडे जावं, एकटीने नको. ‘टिशू कल्चरमध्ये (पेशी वाढवण्याच्या कामात) असं चालतंच’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. त्यावर वाद न घालता दोन सेटचे फोटो पुढे ठेवायचे. कॅमेरा लावायचा तर तो संस्थेने लावावा, तुम्ही परस्पर काही करू नका. आणि ‘हे आमच्या नियमांत बसत नाही’ असं कोणी म्हणालं तर खचू नका. अमेरिकेच्या 2000 सालच्या धोरणातही संशोधनातला गैरव्यवहार म्हणजे बनावट आकडे, फेरफार आणि वाङ्मयचौर्य एवढंच आहे. मिशिगनचं प्रकरण तिथल्या सरकारी कार्यालयाने शेवटी फेरफार म्हणून धरलं, कारण बिघडवलेल्या पेशींतून निघालेले आकडे खोटेच होते. आपल्याकडचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2018चे नियम तर वाङ्मयचौर्यापुरतेच आहेत. म्हणून तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि त्यात नुकसान झालेल्या प्रयोगांची आणि खर्चाची यादी जोडा.

मला सगळ्यात जास्त काळजी ताईची वाटते. पेशी परत वाढवता येतात, पण दोन महिने रोज ‘माझंच काहीतरी चुकतंय’ म्हणत घरी जाणाऱ्या माणसाचा हातावरचा विश्वास लवकर परत येत नाही. त्यात करणारा डब्यातला भागीदार निघाला तर तिला दुहेरी घाव बसेल. क्रमांकाचा सेट जगला की आधी तिला ती प्लेट नीट बघू दे. त्या निरोगी पेशी तिच्याच हातच्या आहेत, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं. चोर कोण हा प्रश्न एक दिवस थांबला तर बिघडत नाही.

पहिला सेट कधी लागतो ते कळव. आणि ताईची हरकत नसेल, तर तक्रारीचा मसुदा देण्याआधी मला पाठवा. मी वाचून लगेच उलट टपाली लिहीन.

तुझी,
मॅडम