शुभवर्तमान मंडळीचा (चर्चचा) पाया आहे, म्हणजे रोजच्या कारभारात नेमकं काय?

तुमचा प्रश्न असा की शुभवर्तमान तर बाहेरच्यांना सांगायचं असतं, मग विश्वासात आलेल्यांच्या उपदेशात, प्रभुभोजनात (ख्रिस्ताच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीत), वर्गणीत त्याचं काय काम?

ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, हे शुभवर्तमानाचं सार प्रेषित पौलाने १ करिंथ १५:३-४ मध्ये मांडलं ते करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातच. त्या पत्रातले वाद पाहा: तट, कोर्टकज्जे, जेवणातला भेदभाव. सगळे आतलेच.

सर्वांत स्पष्ट उदाहरण अंत्युखियाचं (गलती २:११-१४). प्रेषित पेत्र यहुदी, पण तिथे तो परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही यहुदी माणसं आली, तसा तो मागे सरला; पौलाचा सहकारी बर्णबाही वाहवला. पौलाने पेत्राला सर्वांसमोर अडवलं. देवाने ज्यांना ख्रिस्तामुळे स्वीकारलं, त्यांच्या शेजारी जेवायला न बसणं म्हणजे ख्रिस्ताचं मरण त्यांच्यासाठी पुरेसं नाही असं वागून दाखवणं. आपल्याकडे सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण?’ ही चौकशी होते, तीही याच जातीची चूक आहे. त्यावर उपदेश मात्र क्वचितच होतो.

उपदेश तयार झाला की त्यातून वधस्तंभ आणि पुनरुत्थान काढून पाहावं. तरीही तो जसाच्या तसा उभा राहिला, तर तो नुसता सल्ला आहे. शेवटी पाच मिनिटं वधस्तंभावर बोलून हे दुरुस्त होत नाही. आज्ञा का पाळायची, ते कारण आज्ञेच्या आतच हवं. इफिस ४:३२ मध्ये ‘क्षमा करा’ हे ‘देवाने तुम्हांला क्षमा केली’ यावर टेकलेलं आहे. त्या पत्राचे पहिले तीन अध्याय देवाने काय केलं ते सांगतात, आज्ञांचा भर चौथ्यापासून सुरू होतो. हा क्रम उलटला की लोक ढोंग करायला शिकतात किंवा खचतात.

दानाचंही तसंच. २ करिंथ ८:९ मध्ये पौल ख्रिस्ताच्या दारिद्र्याची आठवण देतो, आणि ९:७ मध्ये सक्ती नको म्हणतो. वर्गणीची नोंद ठेवा, हिशेब वाचून दाखवा. पण थकबाकीसाठी कुणाला प्रभुभोजनापासून दूर ठेवू नका. तिथे आपण कृपेला दर लावतो.

चुकलेल्याला शिस्त लावताना सहसा पहिली पायरीच चुकते. मत्तय १८:१५-१७ प्रमाणे आधी एकट्याने भेटायचं, मग एकदोघांना घेऊन, त्यानंतर मंडळीपुढे. प्रत्यक्षात अर्ज थेट मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीकडे जातो, आणि माणसाला बाजूला केल्यावर त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. २ करिंथ २:६-८ मध्ये मंडळीने शिक्षा केलेल्या एका माणसाबद्दल पौल सांगतो की शिक्षा पुरे, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडेल. म्हणून निलंबनाचा ठराव लिहितानाच त्याला भेटायला कोण जाणार, कधी जाणार आणि पश्चात्ताप दिसल्यावर परत कसं घेणार, हेही त्याच कागदावर लिहावं.