क्लास काढतेयस ना, मग सहीच्या भरवशावर राहू नकोस

अगं,

मेसेज वाचला तुझा. सोसायटीचा हॉल मिळतोय, एप्रिलच्या सुट्टीत कराटेची बॅच, बॅनर पण छापायला टाकलंय, मस्त. लोगोचं मला विचारू नकोस, त्यातलं मला शष्प कळत नाही. पण शेवटी जे सहज विचारलंयस ना, की "फॉर्मवर 'इजा झाल्यास क्लास जबाबदार नाही' असं टाकून पालकांची सही घेतली की झालं ना सर?", तर नाही, झालं नाही, आणि बहुतेक सगळे क्लासवाले नेमके याच एका ओळीच्या जिवावर निर्धास्त बसलेले असतात म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

असं बघ, पोरगं १८ च्या खालचं असेल तर त्याच्याशी करारच होत नाही, हे आपल्याकडे १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून पक्कं आहे. सही करतात ते आईबाप, पण तुझ्या निष्काळजीपणाने पोराचा हात मोडला तर त्या पोराचा भरपाईचा हक्क आईबापाच्या सहीने पुसला जात नाही, आणि फौजदारी केस तर कुठल्याच सहीने टळत नाही. भारतीय न्याय संहितेत कलम १२५ आहे, बेदरकारपणे किंवा हयगयीने वागून कुणाची सुरक्षितता धोक्यात आणली तर, त्यात जबर दुखापत झाली की ३ वर्षांपर्यंत शिक्षा. आणि जबर दुखापत म्हणजे काय तर हाड मोडणं, सांधा निखळणं, दात पडणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे आपल्या क्लासमध्ये होऊ शकतं असं जवळजवळ सगळंच.

मोठ्यांचं जरा वेगळं आहे. त्याच संहितेत कलम २५ मध्ये १८ वर्षांवरच्या माणसाने संमती देऊन खेळात भाग घेतला आणि नियमाने खेळताना लागलं तर गुन्हा नाही असं आहे, गंमत म्हणजे कायद्यातलं उदाहरणच तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं आहे, ब्रिटिशांच्या दंड संहितेपासून तेच चालत आलंय. पण नीट वाचलंस तर दोन अटी दिसतील, मुद्दाम जबर दुखापत करायचा इरादा नको आणि खेळ नियमाने व्हायला हवा. 'थांब' म्हटल्यावर मारलेला पंच या कलमात बसत नाही. स्पॅरिंगमध्ये, म्हणजे कुमितेत, दोघांच्या समोरासमोरच्या सराव-लढतीत, राग काढणारा एक तरी जण प्रत्येक बॅचमध्ये असतोच, त्याला पहिल्याच आठवड्यात ओळखायचं आणि कुमितेतून बाहेर बसवायचं, फी परत मागितली तर परत द्यायची पण ठेवायचं नाही.

मग फॉर्म घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण माहिती मिळवायला. दमा आहे का, फिट येतात का, मागे कधी डोक्याला मार लागलाय का, कुठली गोळी चालू आहे, फोन कुणाला करायचा आणि तो नाही उचलला तर कुणाला. आणि इथे काय शिकवलं जातं, कशाने लागू शकतं हे मराठीत सरळ लिहिलेलं असू दे, म्हणजे कुणी "आम्हाला सांगितलंच नव्हतं" म्हणणार नाही. उद्या खरंच काही झालं तर पोलीस, वकील, ग्राहक आयोग, सगळे एकच विचारणार, तू काळजी काय घेतली होतीस? त्याचं उत्तर तुझ्या वहीत आणि हॉलमध्ये दिसलं पाहिजे.

हॉलची फरशी आधी बघ. सोसायटीचे हॉल म्हणजे गुळगुळीत टाइल्स किंवा कोटा, त्यावर पाडायचं काहीही शिकवायचं नाही, स्वीप नाही, थ्रो नाही, जोपर्यंत मॅट येत नाहीत तोपर्यंत किहोन आणि काता, म्हणजे नुसता मूळ पंच-किकचा आणि ठरलेल्या हालचालींचा सराव. मॅट महाग वाटतील पण बॅनरच्या आधी मॅट घे. कोपऱ्यातली ती लोखंडी कपाटं आणि रचून ठेवलेल्या खुर्च्या, त्यांच्यापासून लांब बॅच उभी कर. जोड्या लावताना वय नको बघू, वजन आणि उंची बघ, ११ वर्षांची दोन पोरं शेजारी उभी केलीस तर एक दुसऱ्याच्या दीडपट असतो. दातांचा माउथपीस नसेल तर कुमिते नाही, सोमवारी विसरला तर सोमवारी नाही, यात लाड नाहीत, पोराच्या बाबांनी कितीही "आजच्या दिवस सर" केलं तरी नाही.

दात पडलाच तर काय करायचं ते आत्ताच वाचून ठेव कारण तेव्हा सगळे पोराच्या तोंडाकडे बघत बसतात आणि दात कुठे गेला ते कुणी बघत नाही. दात शोधायचा, मुळाकडून अजिबात धरायचा नाही, वरच्या भागाला धरायचा, घासायचा पुसायचा नाही, ग्लासभर थंड दुधात टाकायचा आणि अर्ध्या-पाऊण तासात डेंटिस्ट गाठायचा, कायमचा दात असेल तर पुन्हा बसण्याची शक्यता असते. दुधाचा दात असेल तर पुन्हा बसवायच्या भानगडीत पडायचं नाही. हॉलच्या जवळचा डेंटिस्ट, हाडांचा डॉक्टर आणि रात्री उघडं असणारं हॉस्पिटल, तिन्हीचे नंबर भिंतीवर चिकटव.

आणि डोक्याचा मार. यात मी कुणाचंच ऐकत नाही. पोरगं बेशुद्ध पडलं तरच गंभीर असा एक समज आहे, तो चुकीचा. गोंधळलं, तेच तेच विचारतंय, उलटी झाली, डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, की त्या दिवसाचं खेळणं संपलं, घरच्यांना फोन, डॉक्टर, आणि डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय परत नाही, मग रविवारी टुर्नामेंट असो नाहीतर काही असो. हेडगार्डने डोकं फुटत नाही एवढंच, आत मेंदूला बसणारा हिसका तो थांबवत नाही. अशी प्रत्येक घटना त्याच दिवशी वहीत लिहायची, तारीख, वेळ, कुणाला कळवलं, काय केलं.

आता ज्या गोष्टीवर आपल्या लोकांत कुणी बोलत नाही ती. लहान मुलांचा क्लास म्हणजे पॉक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा, तोंडपाठ नको पण माहीत हवा. तू मुलगी आहेस म्हणून तुला लागू नाही असं काही नाही, आणि उद्या असिस्टंट ठेवशील, टुर्नामेंटला बाहेरगावी नेशील, तेव्हा जबाबदारी तुझीच. पोरांचा स्टान्स, म्हणजे उभं राहणं, दुरुस्त करताना आधी सांगून, सगळ्यांसमोर, शक्यतो स्वतः करून दाखवून. दार उघडं, पालकांना मागे बसू दे, त्यांची बडबड सहन कर. पोरांना वैयक्तिक मेसेज नाही, जे काय ते पालकांच्या ग्रुपवर. फोटो-रील टाकायच्या आधी पालकांना लेखी विचार. आणि एखाद्या पोराने घरातलं किंवा क्लासमधलं असलं काही सांगितलं, किंवा तुला नुसती शंका आली, तरी ते पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, कलम १९, न कळवणं हाच गुन्हा. "संस्थेचं नाव खराब होईल" म्हणून मिटवामिटवी करणारे सीनियर तुला भेटतील, त्यांना नमस्कार करायचा आणि १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावायचा.

मोठ्या मुली आणि कॉलेजच्या वर्कशॉपचं विचारलंयस. मार्चमध्ये महिला दिन आला की सगळ्यांना दोन तासांचं स्वसंरक्षण हवं असतं. दोन तासांत कुणी लढायला शिकत नाही, हे स्टेजवरून सांगायचं धाडस कर, मग मनगट सोडवणं, ओरडणं, पळणं आणि मदतीला ११२ वर फोन, एवढंच नीट शिकव. सोबत कायदा सांग. न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाची आहेत, बलात्काराच्या किंवा अ‍ॅसिड हल्ल्याच्या प्रसंगात समोरच्याचा जीव गेला तरी हा हक्क मिळतो इतका तो मोठा आहे. पण तो धोका असेपर्यंतच. समोरचा पळायला लागला आणि आपण मागे जाऊन चार लाथा घातल्या तर त्या चार लाथा आपल्या नावावर. गरजेपेक्षा जास्त इजा नाही, हे कलम ३७ मध्येच आहे. ब्लॅक बेल्टचे हात पोलिसात रजिस्टर करावे लागतात हे जे पोरं एकमेकांना सांगतात ना, तसला कुठलाही कायदा आपल्याकडे नाही, मात्र रस्त्यावर भांडण झालं तर पलीकडचा वकील तुझा बेल्ट उकरून काढणार हे नक्की, "हिला कळत होतं कुठे मारल्यावर काय होतं" म्हणून. म्हणून पार्किंगवरून भांडायचं नाही. तू तर अजिबात नाही, तुझा स्वभाव मला माहितीय.

लाठी-काठी सुरू करायचंय म्हणालीस, पालकांना आवडतं, दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाल्यापासून तर फारच. कर, पण आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला आदेश निघतात, त्यात तलवार, भालाच काय लाठीसुद्धा घेऊन फिरायला बंदी येते, आणि मोडलं तर त्याच कायद्याच्या कलम १३५ खाली शिक्षा. तेव्हा काठ्या हॉलमध्येच ठेवायच्या, पोरांनी स्कूटरवर मिरवायच्या नाहीत. मिरवणुकीत प्रात्यक्षिक असेल तर आधी पोलीस स्टेशनची लेखी परवानगी. तलवारीबद्दल तर ऑनलाइन मागवायचा विचारही नको, ९ इंचांपेक्षा लांब पात्याची शस्त्रं शस्त्र कायद्याखाली येतात आणि कुरिअरने आलेल्या तलवारींवरून आपल्या राज्यात केसेस झाल्यात.

कागदपत्रं पटकन सांगतो. मोजकीच माणसं कामाला असतील तर शॉप अ‍ॅक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. फीची पावती दे. सोसायटीकडून तोंडी 'हो' नको, कमिटीचा ठराव घे लेखी, नाहीतर चेअरमन बदलला की हॉल गेला. मुलांचा ग्रुप अपघात विमा आणि स्वतःसाठी लायबिलिटी विमा घेच, आणि पॉलिसीत मार्शल आर्ट वगळलेलं नाही ना ते एजंटच्या तोंडी नको, कागदावर वाच.

शेवटचं सर्टिफिकेट. पालक पहिल्या महिन्यात विचारतील, दहावीला मार्क मिळतील का, नोकरीत ५ टक्के कोटा मिळेल का. भरमसाट संघटना आहेत, प्रत्येकीची 'नॅशनल', प्रत्येकीची 'इंटरनॅशनल', तालुक्याच्या मंगल कार्यालयात वर्ल्ड कप झालेला मी पाहिलाय. कुठली स्पर्धा धरली जाते ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचार, आणि पालकांना तेवढंच सांग, त्यापुढे एक शब्द नाही. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या गेल्यात लोकांच्या. कराटे टोकियो ऑलिम्पिकला होतं, पॅरिसला नव्हतं, हेही सांगून टाक, नाहीतर कुणीतरी पोराला ऑलिम्पिकला पाठवायच्या तयारीने तुझ्याकडे येईल. ग्रेडिंगला नापास करायची तयारी ठेव, परीक्षेची फी घेतली म्हणून बेल्ट द्यायचा नाही.

फॉर्मचा मसुदा पाठव, बघून देतो. आणि हो, एप्रिल-मे म्हणजे लग्नांचा सीझन, हॉल शनिवार-रविवार बुक असणार, तेव्हा बॅच सोमवार, बुधवार, शुक्रवारच लाव.

सर